यादी देते, पण त्याआधी एक प्रश्न निवडा

प्रश्न असा आलाय की वय वाढलं तरी शिकायची हौस काही कमी झालेली नाही, विज्ञान, इतिहास, भाषा, पैसा सगळ्यातलंच थोडं थोडं कळावं असं वाटतं, तर चांगली पुस्तकं कुठली, पॉडकास्ट कुठले आणि कॉम्प्युटरवर काय काय येत असलं की हे सगळं सोपं जाईल. सोबत दोन अडचणी पण लिहिल्यात, एक म्हणजे वाचलेलं आठ दिवसांत विसरायला होतं आणि दुसरी म्हणजे इंग्रजी वाचायला खूप वेळ लागतो. मी बरीच वर्षं ग्रंथालयात काम करतेय, आणि ज्यांना परीक्षा नको, डिग्री नको, फक्त शिकायचंय अशा मोठ्या माणसांना पुस्तकं शोधून देणं, कॉम्प्युटरची सवय लावून देणं हेच काम माझ्याकडे जास्त असतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

यादी देतेच, पण नुसत्या यादीने काम होत नाही हे आधी सांगायला हवं. लोक वीस पुस्तकांची यादी नेतात, पहिलं पुस्तक उत्साहात उघडतात आणि तिसाव्या-चाळिसाव्या पानावर थांबतात, मग वाटतं की आपल्यालाच जमत नाही. तसं नसतं हो. ती यादी दुसऱ्या कुणाच्या तरी कुतूहलातून झालेली असते, तुमच्या डोक्यात तो प्रश्नच पडलेला नसतो, मग पुस्तक कितीही चांगलं असलं तरी ते तुम्हाला धरून ठेवणार कसं. जी माणसं वर्षानुवर्षं शिकत राहिलेली मी पाहिलीत ती जवळजवळ सगळी एखादा प्रश्न घेऊन येतात, पुस्तकाचं नाव घेऊन नाही. म्हणून माझा पहिला सल्ला हाच की एक प्रश्न निवडा, साधा, खरोखर पडलेला, आणि महिनाभर त्याच्याच मागे लागा. पुस्तक, पॉडकास्ट, कॉम्प्युटर या तिघांनाही त्या प्रश्नाच्या कामाला लावायचं.

उदाहरण घेऊन दाखवते म्हणजे नीट कळेल. समजा प्रश्न आहे, भरती दिवसातून दोनदा का येते? चंद्र पाणी ओढतो हे शाळेत ऐकलेलं असतं, पण चंद्र तर एकाच बाजूला असतो, मग पलीकडच्या बाजूचं पाणी का वर येतं? इथे बहुतेक जण अडखळतात, आणि अडखळायला झालं की समजायचं प्रश्न चांगला आहे. आता आधी मराठी विश्वकोशातली भरती-ओहोटीची नोंद वाचायची, त्यातून शब्द हातात येतात, उधाण म्हणजे मोठी भरती, भांग म्हणजे छोटी भरती, गुरुत्वाकर्षण वगैरे. मग कळतं की खुद्द गॅलिलिओने १६३२ च्या ग्रंथात भरतीचं कारण म्हणून पृथ्वीच्या हालचालीकडेच बोट दाखवलं होतं, त्याच्या हिशोबाने भरती दिवसातून एकदाच यायला हवी होती, आणि दोन भरत्या का येतात हे सांगताना त्याला समुद्राच्या आकाराचा आणि खोलीचा आधार घ्यावा लागला. न्यूटनचं उत्तर १६८७ मधे आलं. चंद्राच्या जवळच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढलं जातं आणि पलीकडचं पाणी मध्यापेक्षा कमी ओढलं जातं, म्हणजे पलीकडचं पाणी मागे राहतं, म्हणून दोन्हीकडे फुगवटा. सगळा खेळ ओढीतल्या फरकाचा आहे, एकट्या ओढीचा नाही. आणि चंद्र पण पुढे सरकत असल्यामुळे पुढची भरती बरोबर बारा तासांनी न येता साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते.

इथवर आलं की लगेच पुढचा प्रश्न पडतो, मग मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसातून एकच भरती कशी? तर समुद्राचा आकार, खोली, मधे आलेले खंड यांचाही हिशोब लागतो, तो गणिताने मांडायचं काम अठराव्या शतकात लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने केलं, आणि लॉर्ड केल्विन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८७२ मधे तर भरतीचं भाकीत करणारं यंत्रच बनवलं, चाकं आणि कप्प्यांचं. बघा, एका प्रश्नातून खगोलशास्त्र, गणित, यंत्रांचा इतिहास, भूगोल सगळीकडे जाऊन आलो आणि यातलं काहीही यादीत नव्हतं. कधी ना कधी रिचर्ड फाइनमन या अमेरिकन शास्त्रज्ञाची भौतिकशास्त्रावरची व्याख्यानं वाचायची असं बरेच जण म्हणतात आणि ती बाडं बघून घाबरतात, पण पहिल्या खंडाच्या सातव्या प्रकरणात गुरुत्वाकर्षणासोबत याच दोन फुगवट्यांचं स्पष्टीकरण आहे, तेवढीच पानं उघडा ना. ही व्याख्यानं त्याने अमेरिकेतल्या कॅल्टेक या विज्ञानसंस्थेत १९६१ ते ६३ दरम्यान दिली होती आणि आता तिन्ही खंड कॅल्टेकच्या साइटवर फुकट वाचता येतात. प्रश्न हातात असेल तर अवघड पुस्तकातली चार पानं सुद्धा आपली होतात.

आता पुस्तकं. मी दोन वेगवेगळे ढीग करते. एक ढीग प्रश्न पडावेत म्हणून वाचायचा आणि दुसरा ढीग पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून. पहिल्या ढिगातली पुस्तकं अर्धी सोडली तरी चालतात. त्यात मराठीत जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' मी सगळ्यात आधी देते, कारण लिहिणारा माणूस स्वतः त्या विषयातला होता आणि तरी वाचणाऱ्याला कुठेही कमी लेखत नाही. अच्युत गोडबोल्यांचं 'किमयागार' वैज्ञानिकांच्या गोष्टींतून विज्ञान सांगतं, जाडजूड आहे पण कुठलंही प्रकरण उघडून वाचता येतं. इरावती कर्व्यांचं 'युगान्त' घ्या, महाभारत सगळ्यांना माहीत असतं, पण मानववंशशास्त्राचा अभ्यास असलेली बाई त्याच माणसांकडे कशी बघते हे वाचलं की आपण पण ओळखीच्या गोष्टींना नवे प्रश्न विचारायला लागतो. इंग्रजीत बिल ब्रायसनचं 'अ शॉर्ट हिस्टरी ऑफ निअरली एव्हरीथिंग' (२००३), कार्ल सेगनचं 'कॉसमॉस' (१९८०), आणि ज्यांना छोटं पुस्तक हवं त्यांना डाव्हा सोबेलचं 'लाँजिट्यूड' (१९९५), समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे कसं ओळखायचं या एकाच प्रश्नावरचं आणि तो घड्याळाने सोडवणाऱ्या जॉन हॅरिसनवरचं. इंग्रजी वाचनाची सुरुवात करणाऱ्यांना मी हे मुद्दाम देते, पानं कमी आणि गोष्ट सरळ.

आकड्यांची भीती असेल तर हान्स रोस्लिंगचं 'फॅक्टफुलनेस', ते रोस्लिंग गेल्यानंतर २०१८ मधे आलं. सुरुवातीलाच जगाबद्दलचे १३ प्रश्न आहेत, ते वहीत सोडवल्याशिवाय पान उलटायचं नाही, त्या पुस्तकाचा अर्धा फायदा तिथेच आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमनचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' (२०११) सगळेच सुचवतात, मी पण सुचवते, पण त्यातलं प्राइमिंगवरचं, म्हणजे आधी दिसलेल्या एखाद्या शब्दाचा आपल्या वागण्यावर नकळत परिणाम होतो यावरचं प्रकरण सांभाळून वाचा. त्यातले बरेच प्रयोग नंतर पुन्हा करून पाहिले तेव्हा तसे निकाल आले नाहीत आणि कानमन यांनी स्वतः २०१७ मधे मान्य केलं की त्या छोट्या छोट्या अभ्यासांवर आपण गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला. यामुळे पुस्तक टाकाऊ होत नाही, उलट मला तर वाटतं की ज्ञान कसं दुरुस्त होत जातं ते यातून दिसतं, पण जुनं पुस्तक वाचताना प्रकाशनाचं वर्ष बघायची सवय लावून घ्या. मेंदू, आहारशास्त्र, मानसशास्त्र या विषयांत तर नक्कीच.

दुसऱ्या ढिगातली, म्हणजे उत्तरासाठीची पुस्तकं मी नावानिशी सांगू शकत नाही कारण तुमचा प्रश्न मला माहीत नाही, पण निवडायची कशी ते सांगते. पुस्तक हातात आलं की लगेच पान एकपासून सुरू करायचं नाही. आधी अनुक्रमणिका, मग शेवटची सूची, त्यात आपल्या प्रश्नातले शब्द आहेत का आणि त्यांच्यापुढे किती पानं दिलीत ते बघायचं, जिथे जास्त पानं तिथलं प्रकरण चाळायचं, मग शेवटचं प्रकरण. अर्ध्या तासात कळतं की हे पुस्तक पूर्ण वाचायचं, एक प्रकरण वाचायचं, की परत ठेवायचं. मॉर्टिमर अॅडलरने 'हाउ टू रीड अ बुक' या १९४० च्या पुस्तकाच्या १९७२ च्या सुधारित आवृत्तीत हेच नीट मांडलंय आणि एकाच विषयावरची अनेक पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचणं ही त्याने वाचनाची सगळ्यात वरची पायरी मानलीय. पुस्तक सोडलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

विसरण्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते आणि लोक उगाच वयाला दोष देतात. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मधे छापलेल्या अभ्यासात, स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरगट पाठ करून, विसरण्याचा वेग मोजला होता. त्याला दिसलं की सगळ्यात जास्त गळती पहिल्या काही तासांत होते आणि नंतर वेग मंदावतो, आणि प्रयोग केले तेव्हा तो पस्तिशीच्या आतला होता, म्हातारा नव्हता. विसरायला होणं हे स्मरणशक्तीचं नेहमीचंच वागणं आहे. उपाय काय तर बहुतेक जण तेच पान परत वाचतात, रंगीत पेनाने ओळी रंगवतात. याबद्दल रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे तो प्रत्येकाला माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं. विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी उतारा चार वेळा वाचला, काहींनी एकदा वाचून मग तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत म्हणजे परत परत वाचणाऱ्यांना स्वतःबद्दल खात्री जास्त होती. वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला वाटतं आपल्याला तो येतोय, आपण फसतो ते नेमकं इथे.

म्हणून प्रकरण संपलं की पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि जे आठवतंय ते लिहा, मोडक्या वाक्यांत, क्रम चुकला तरी चालेल. पाच मिनिटं. मग पुस्तक उघडून काय सुटलं ते दुसऱ्या रंगात लिहा. पहिल्या दोन-तीन वेळेला फार कमी आठवतं आणि लोक नाराज होऊन सोडून देतात, तेवढं मात्र करू नका, ते चाचपडणं हाच अभ्यास आहे. दोन दिवसांनी कागद न बघता पुन्हा एकदा, मग आठवड्याने. वाचलेलं सगळं असं करायची गरज नाही, ज्या प्रश्नाच्या मागे आहात तेवढ्यापुरतंच करा.

हेच काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं असेल तर 'अँकी' नावाचा प्रोग्रॅम आहे, २००६ पासूनचा, कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइड फोनवर फुकट. तुम्ही पुढे प्रश्न आणि मागे उत्तर अशी कार्डं बनवता आणि तो प्रोग्रॅम, तुम्हाला उत्तर किती सहज आलं ते बघून, पुढच्या वेळी कधी विचारायचं ते ठरवतो, सोपं असेल तर महिन्याने, अवघड असेल तर उद्याच. भाषा शिकणाऱ्यांना याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलेलं नाही. पण कार्ड कसं बनवता त्यावर सगळं अवलंबून आहे. 'भरती-ओहोटीची माहिती सांगा' हे वाईट कार्ड, उत्तर कधीच पूर्ण होत नाही आणि चौथ्या दिवशी तुम्ही ते टाळायला लागता. 'चंद्राच्या विरुद्ध बाजूचं पाणी का फुगतं?' याचं उत्तर एका वाक्यात येतं, हे चांगलं कार्ड. 'भरतीची वेळ रोज सुमारे किती मिनिटं पुढे जाते आणि का?' यात दोन गोष्टी आहेत, म्हणून दोन कार्डं करा. दुसऱ्याची तयार कार्डं उतरवून घेऊ नका, निदान सुरुवातीला तरी, कारण कार्ड बनवतानाच निम्मं शिकून होतं. दिवसाला चार-पाच नवीन कार्डं पुरे, जास्त केलीत तर परत येणाऱ्या कार्डांचा ढीग साचतो आणि मग सगळंच बंद पडतं.

पॉडकास्टकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी स्पष्ट सांगते. ऐकून विषयाचा नकाशा कळतो, माणसांची नावं कळतात, मुख्य म्हणजे ओढ लागते. ऐकून गणित कळत नाही, आकडे लक्षात राहत नाहीत आणि युक्तिवाद लांब असेल तर धागा सुटतो. त्यामुळे पुस्तकाच्या आधी ऐका किंवा पुस्तक वाचून झाल्यावर ऐका, पुस्तकाऐवजी नाही. मी सगळ्यात जास्त जे सुचवते ते बीबीसीचं 'इन अवर टाइम', १९९८ मधे सुरू झालं, एक विषय, त्यातले तीन अभ्यासक आणि समोर प्रश्न विचारणारा एक जण. २०२५ पर्यंत मेल्विन ब्रॅगने ते चालवलं आणि त्याचा गुण असा की तज्ज्ञ भरकटला की तो त्याला सरळ परत ओढून आणायचा. हजाराच्या वर भाग आहेत, सलग ऐकायचे नसतातच, आपला प्रश्न घ्यायचा आणि शोधायचं. ज्यांना तेवढा वेळ बसवत नाही त्यांच्यासाठी २०१० चं 'अ हिस्टरी ऑफ द वर्ल्ड इन हंड्रेड ऑब्जेक्ट्स', ब्रिटिश म्युझियममधल्या शंभर वस्तू, प्रत्येकीवर साधारण पंधरा मिनिटं, त्यात सिंधू संस्कृतीची मुद्रा पण आहे, ऐकताना त्या वस्तूचा फोटो समोर उघडून ठेवा. तत्त्वज्ञानासाठी पीटर अॅडमसनचं 'हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी विदाउट एनी गॅप्स', त्यात भारतीय तत्त्वज्ञानावर जोनार्डन गनेरींसोबत केलेली वेगळी मालिका आहे आणि ती खरंच मेहनतीने केलीय. बातम्यांतल्या आकडेवारीवर विश्वास ठेवायचा की नाही हे शिकायचं असेल तर बीबीसीचंच 'मोअर ऑर लेस'. लांब गप्पा आवडत असतील तर अमित वर्मांचं 'द सीन अँड द अनसीन', एकेक भाग कित्येक तास चालतो, तुकड्या तुकड्यांत ऐका.

वेग वाढवून ऐकण्याबद्दल सगळे विचारतात. माहितीचा विषय असेल तर सव्वापट ठीक, नवीन विषय किंवा परकी भाषा असेल तर एकपटच, आणि गरज पडली तर पाऊणपट सुद्धा, त्यात कमीपणा काही नाही. काम करता करता ऐकत असाल तर एक भाग झाल्यावर पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून टाका आणि दोन मिनिटं गप्प राहून मनात म्हणा, यात नवीन काय कळलं. एवढं केलं तरी ऐकलेल्यापैकी बरंच राहतं.

आता कॉम्प्युटर. शॉर्टकट शेकड्याने सांगता येतील पण शिकणाऱ्याच्या कामाला येणारे मोजकेच आहेत. कंट्रोल आणि एफ, पानावरचा शब्द शोधायला, हे माहीत नसणारी शिकलेली माणसं रोज भेटतात. कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबलं की चुकून बंद झालेली टॅब परत येते. विंडोजची खूण असलेली की आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या बऱ्याच गोष्टींची यादी दिसते, पहिल्यांदा ती चालू करायला विचारतो तेव्हा हो म्हणा, टिपणं काढणाऱ्याला याच्यासारखी सोय नाही. यूट्यूबवर व्याख्यान बघताना व्हिडिओखालचं वर्णन उघडून ट्रान्सक्रिप्ट दाखवायचा पर्याय निवडा, बऱ्याच व्हिडिओंना तो असतो, सगळं बोलणं लिहिलेलं समोर येतं, त्यात कंट्रोल-एफ करून हव्या त्या मिनिटावर जाता येतं, तासाभराचं व्याख्यान पूर्ण बघत बसायची गरज राहत नाही.

गूगलवर शोधायची पद्धत मात्र नीट शिकून घ्या. नेमका शब्दगट हवा असेल तर तो दुहेरी अवतरण चिन्हात टाका. एखाद्याच साइटवर शोधायचं असेल तर इंग्रजी अक्षरांत साइट, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून त्या साइटचा पत्ता, मधे कुठेही जागा सोडायची नाही. तसंच फाइलटाइप, कोलन, पीडीएफ लिहिलं की फक्त पीडीएफ येतात, विद्यापीठांची टिपणं आणि अहवाल असेच सापडतात. नको असलेल्या शब्दाच्या आधी वजाबाकीची खूण. मराठीत शोधताना एक गोष्ट वेगळी आहे, आपले शब्द बदलतात, भरती, भरतीच्या, भरतीमुळे, त्यामुळे अवतरण चिन्हात 'भरतीच्या' टाकलंत तर 'भरतीची' असलेलं चांगलं पान सुटतं, म्हणून मूळ शब्द टाका. आणि आपण बोलतो तसं 'का येतं' न लिहिता 'का येते' असं लिहून पण शोधा, कारण जुना आणि अभ्यासाचा मजकूर छापील भाषेत असतो. ऱ्हस्व-दीर्घ दोन्हीने करून बघा. जुन्या मराठी शब्दाचा अर्थ हवा असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या साइटवर पूर्ण आहे आणि त्यात शब्द टाकून शोधता येतो.

मराठी पीडीएफमधे शब्द सापडतच नाही, कॉपी केलं तर भलतीच अक्षरं येतात, असं नेहमी होतं. कारण ती फाइल एक तर नुसते फोटो असते नाहीतर युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षरं सारखीच ओळखली जायची पद्धत, येण्याआधीच्या फाँटमधे केलेली असते, म्हणजे डोळ्यांना मराठी दिसतं पण कॉम्प्युटरसाठी ती वेगळीच अक्षरं असतात. उपाय सोपा आहे. पान फोटो करून, किंवा पीडीएफ नुसत्या फोटोंचं असेल तर तसंच, गूगल ड्राइव्हमधे चढवा, त्यावर उजवं क्लिक करून गूगल डॉक्समधे उघडा म्हणा, खाली ओळखलेला मजकूर टाइप होऊन येतो. जोडाक्षरं आणि आकडे तेवढे मूळ पानाशी ताडून बघा, चुका तिथेच होतात. फोनवर गूगल लेन्सनेही हे होतं, छापील पुस्तकातला उतारा टिपून घ्यायला मी तेच सांगते. आणि मराठी टाइप करायचा कंटाळा येत असेल तर क्रोममधे गूगल डॉक्स उघडून व्हॉइस टायपिंग चालू करा, भाषा मराठी निवडा आणि बोला.

टिपणं कुठे ठेवायची यावर लोक महिना महिना अॅप बदलत बसतात. कुठलंही चालेल, फक्त ते अॅप उद्या बंद पडलं तर मजकूर बाहेर काढता येईल ना एवढं बघा. ऑब्सिडियन मला याच कारणासाठी आवडतं, त्याच्या फायली साध्या मजकुराच्या असतात आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतात. एका प्रश्नाला एक फाइल, नावाच्या सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. आणि प्रती तीन ठेवा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर म्हणजे ऑनलाइन. वेबवर चांगलं काही सापडलं तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधे त्याचा पत्ता टाकून ते पान जतन करून ठेवा, आणि जुनी लिंक मेलेली निघाली तर तिथेच शोधा, बऱ्याचदा मिळते. कॉपीराइट संपलेली पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मिळतात, ते काम मायकेल हार्टने १९७१ मधे सुरू केलं होतं, तीच पुस्तकं ऐकायची असतील तर लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली आहेत, मराठीसाठी विकिस्रोत आहे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९७६ मधे निघाला, त्याचे वीसही खंड ऑनलाइन फुकट आहेत आणि इतका मोठा ठेवा इतक्या कमी लोकांना माहीत असावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

चॅटबॉटबद्दल, म्हणजे लिहून विचारलं की उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल, थोडक्यात. उत्तर विचारण्यापेक्षा त्याला प्रश्न विचारायला लावा. 'मी आता भरती-ओहोटी समजावून सांगतो, कुठे चुकलो किंवा काय सुटलं ते विचार, उत्तर लगेच सांगू नकोस' असं लिहा आणि मग आपल्या शब्दांत लिहून काढा, हा उपयोग फार चांगला होतो. पण तो पुस्तकाचं नाव, लेखक, वर्ष, अवतरण देईल ते दुसरीकडे बघितल्याशिवाय टिपून घेऊ नका, नसलेली पुस्तकं सुद्धा तो ठामपणे सांगतो.

राहिलं इंग्रजी. त्यासाठी आधी इंग्रजी सुधारतो आणि मग वाचतो असं करू नका, ते कधी होत नाही. विषय मराठीत आधी समजून घ्या, मग त्याच विषयाचं इंग्रजी वाचा, म्हणजे वाक्यात काय म्हणायचंय ते आधीच अर्धं माहीत असतं. आणि एकाच विषयावर महिनाभर राहा, कारण प्रत्येक विषयाचे नेहमी लागणारे शब्द मोजकेच असतात आणि तेच परत परत येतात, विषय बदलत राहिलात की दर वेळी नवीन शब्दांशी झगडावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधे कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबलं की समोरचं पान तो मोठ्याने वाचून दाखवतो, वेग कमी करा आणि ऐकता ऐकता डोळ्यांनी ओळी धरत जा, सावकाश वाचणाऱ्यांना याने फार फरक पडतो. अडलेल्या प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडू नका, पेन्सिलने खूण करून पुढे जा, तोच शब्द त्याच प्रकरणात तिसऱ्यांदा आला की मग अर्थ बघा आणि त्याचं अँकीत एक कार्ड करा, पुढे शब्द आणि खाली तो ज्या वाक्यात आला होता ते वाक्य.